निसारनं न केलेली सही

मी दाढी करत होतो. फोन बायकोनं घेतला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं निसारचा मुलगा, इम्रान. ‘काका, अब्बा गेले,’ म्हणाला. मग, ‘दुपारच्या नमाजनंतर दफन हाय. या तुम्ही... जमलं तर.’ गालावरचा साबण तसाच वाळत राहिला. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि दोस्ताच्या पोरानं मला ‘जमलं तर’ म्हणावं! पण पोराचं काय चुकलं? दहा वर्षांत मी त्यांच्या मोहल्ल्यात पाऊल टाकलं नव्हतं. आज या गोष्टीला दोन महिने होत आले, पण ते ‘जमलं तर’ अजून काळजातून निघत नाही.

आम्ही दोघं धावडा गावचे. त्याचे अब्बा नालबंद. आमच्या बैलांच्या खुरांना नाल तेच ठोकायचे आणि निसार बैलाची शिंगं धरून उभा राहायचा. शाळेत आम्ही एका पट्टीवर बसलो, मारही एकाच छडीचा खाल्ला. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला पायी जायचं आणि येताना रेवड्या खात यायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पुढं तो कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागला, मी शाळेत मास्तर झालो. दोघंही तालुक्याच्या एकाच गावात आलो. त्या गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि तशी गावं काही कमी नाहीत.

एक्क्याऐंशी साली त्यानं पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय काय, तर युगोस्लाव्हिया! मी पोट धरून हसलो. म्हणालो, ‘अरे, भोकरदनची यष्टी पुढं कुठं जाती हे तुला सांगता येईना, अन् चालला युगोस्लाव्हियाला!’ तो म्हणाला, ‘हसून घे मास्तर. सहा-सात जमाती, तीन धर्म, दोन लिप्या, अन् देश एकच. कसे नांदून राह्यले ते बघायचंय मला. उद्या आपल्याला बी कामी येईल.’ मग दहा वर्षं तो त्या देशाच्या मागं लागला. औरंगाबादच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायचा, शनिवारी संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून मला ऐकवायचा. तिथल्या जनगणनेत कोणी स्वतःला सर्ब लिहायचं, कोणी क्रोएट, कोणी मुसलमान, आणि काही लोक नुसतंच ‘युगोस्लाव्ह’ लिहायचे. ही शेवटची माणसं त्याला फार आवडायची. त्यांच्यावर त्यानं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

नशीब बघा. प्रबंध टाईप करायला टाकला आणि देशच फुटला. ‘माझा विषयच वारला की रे!’ म्हणत तो माझ्याकडं आला. हसत होता, पण डोळे हसत नव्हते. गाइड म्हणाले, दुसरा विषय घ्या. यानं तोच उलट बाजूनं धरला. साम्यवाद गेल्यावर तिकडच्या अल्पसंख्याकांचं काय होतं, ते. रेडिओला कान लावून बसायचा. तिकडच्या साराजेव्हो शहराच्या बातम्या ऐकून आला की दोन-दोन दिवस धड जेवायचा नाही. म्हणायचा, ‘पुढाऱ्यांचा पक्ष बुडाला, मंग त्यांनी जात धरली. खुर्ची तर पाहिजे ना! अन् काल एकमेकाची पोरं खेळवणारे लोक आज याद्या करून राह्यले.’ जे ‘युगोस्लाव्ह’ लिहायचे त्यांचं काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘त्यांना कोन्त्याच यादीत जागा न्हाई. ज्याला त्याला बाजू सांगावीच लागती.’ पुढं म्हणाला, ‘घरातून वढून न्यायला आले तवा शेजाऱ्यानं दार उघडून एवढंच म्हणायचं होतं, मी याला वळखतो. लई जण वाचले असते.’ मी म्हणालो, बराबर आहे. दूरच्या देशाबद्दल बराबर म्हणायला माझं काय जात होतं?

ब्याण्णवच्या डिसेंबरात आमच्याकडंही दगड आले. चार दुकानं जळली, बाजार बंद पडला. फौजदारांनी शांतता समिती बसवायचं ठरवलं आणि यादी करायला मला बोलावलं, कारण माझं अक्षर मोत्यासारखं. सगळे तेच म्हणायचे, मलाही त्याचा मोठा तोरा होता. निसारला विचारलं तर म्हणाला, ‘येतो की. पण कॉलेजातर्फे म्हणून लिव्ह मला.’ फौजदारांना मात्र दोन्हीकडचे चार-चार पाहिजे होते आणि त्या बाजूला एक कमी पडत होता. मी माझ्या नावापुढं ‘शिक्षक’ लिहिलं. वकिलापुढं ‘वकील’, किराणावाल्यापुढं ‘व्यापारी’. निसारपुढं ‘मुस्लिम समाज’. खोटं काय होतं त्यात? असंच वाटलं मला तेव्हा. त्यानं यादी वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि घडी करून परत दिली. बैठकीत फौजदार त्याला म्हणाले, ‘सर, तुमच्या लोकांना समजावून सांगा.’ तर हा पठ्ठ्या म्हणतो, ‘माझे लोक म्हणजे बी.ए.चं तिसरं वर्ष. त्यांना रोजच समजावतो, त्यांना समजत न्हाई.’ सगळे हसले. त्यानंतर हसण्यासारखं काही झालं नाही.

दुसऱ्या बैठकीत मोहल्ल्यातल्या पोरांची एक यादी फिरली. दंगलीत ही पोरं होती, असं लिहून खाली त्यांच्याच समाजातल्या कोणाची तरी सही पाहिजे होती. निसारनं नावं वाचली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, ‘यातली चार पोरं त्या वक्ताला माझ्या वर्गात होती. मी सही करणार न्हाई.’ मी त्याच्या बाजूच्याच खुर्चीवर होतो. हे सगळं मी या कानांनी ऐकलं, या डोळ्यांनी पाहिलं. पोरांना तरीही उचललं, सही दुसऱ्या कोणाची तरी मिळाली. आणि मोहल्ल्यात बोभाटा झाला की सही प्रोफेसरांनी दिली. कारण समाजाचा माणूस म्हणून ठाण्यात जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं ते त्यालाच. त्याच्या दारावर कोणीतरी शेण फेकलं. सलामाला जवाब मिळेना.

तो माझ्याकडं आला. बसलासुद्धा नाही. ‘चल माझ्यासंगं. मशिदीपुढं दोनच शब्द बोल. तू होतास तिथं.’ मी म्हणालो, ‘वातावरण लई तापलंय रे. आठ दिवस जाऊ दे.’ खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांच्या भानगडीत पडू नका, जूनमध्ये तुमची ऑर्डर निघायची आहे. जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो. आठ दिवसांचे आठ महिने झाले, मग वर्षं. निसारनं पुन्हा कधी विचारलं नाही. बाजारात भेटला तर, ‘कसा हाएस?’ ‘बरा हाय.’ एवढंच. शनिवार बंद झाले. प्रबंध त्यानं कधी दाखल केला नाही. ईदला मात्र शीरखुर्म्याचा डबा इम्रानच्या हाती दर वर्षी येत राहिला, आणि मी तो दर वर्षी खात राहिलो. लाज कशी वाटली नाही मला!

दफनाला गेलो, पण कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. चाळिसाव्या दिवशी मात्र ठरवून त्याच्या घरी गेलो. बैठकीत सतरंजीवर मोहल्ल्यातली म्हातारी माणसं बसली होती. त्यांत बशीरचाचाही होते, त्यांचा नातू त्या उचललेल्या पोरांत होता. मी उभ्यानंच बोलून टाकलं, ‘निसारनं सही केली नव्हती. मी त्याच्या बाजूला बसलो होतो.’

‘बैठो मास्तर,’ बशीरचाचा म्हणाले. ‘वो तो हमको मालूम है. बच्चे छूट के आए, तभी पता चला किसकी सही थी. हम सब यहीं आए थे सर से माफी माँगने.’

‘मग... तो काय म्हणाला?’

‘हमने पूछा, आप तभी क्यों नहीं बोले? सर बोले, मेरे बोलने से क्या होता. मेरा दोस्त बाजू में बैठा था, वो आके बोलेगा. हम बोले, सर, अब तो सबको मालूम हो गया, अब क्या जरूरत? तो बोले, जरूरत तुमको नहीं, मेरे को है.’

मी सतरंजीवर बसलो. इम्राननं पाणी आणून दिलं. खिडकीपाशी निसारची वेताची खुर्ची होती, बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेली. तिथून गल्लीचं टोक दिसतं, मोठ्या रस्त्यावरून कोणी आत वळलं की लगेच कळतं. माझी नजर तिकडं गेलेली पाहून इम्रान म्हणाला, ‘कॉलेजातून आले की अब्बा दिवस बुडेपर्यंत तिथंच बसायचे.’ कशासाठी, ते मी त्याला विचारलं नाही.