चुंबकताईंची उडणारी रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे चुंबकताई म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. पिण्याच्या पाण्यातले जंतू चटकन ओळखणारं यंत्र बनवायचं तिनं मनावर घेतलं होतं. धुळीहूनही कितीतरी बारीक असे लोहाचे नॅनोकण, आणि त्यांच्यावर एका ठरावीक जंतूलाच धरणारी प्रतिपिंडं. सेन्सरच्या पट्टीवर जंतू अडकले की हे कण त्यांना जाऊन चिकटत. त्यांचं इवलंसं चुंबकत्व सेन्सरला जाणवे आणि पडद्यावरची रेघ वर चढे.

पण ही रेघ शुद्ध पाण्यावरही मधूनच उडी मारायची. ताईनं सोबतच्या तरुण संशोधकाला फैलावर घेतलं. "हात नीट धुतोस ना रे?" तो बिचारा धुऊन धुऊन कंटाळला. सगळ्यांचे पट्टे, किल्ल्या, मोबाइल दाराबाहेर गेले. रेघ काही ऐकेना.

एका संध्याकाळी नवरा तिला न्यायला आला. रेघ टुणकन उडाली आणि पाठोपाठ तो दारात हजर.

"अहो, तुमच्या अंगावर लोखंड आहे."

"संसाराचं ओझं आहे फक्त."

तरी पट्टा निघालाच. एका हातानं पँट सावरत तो बाहेर जाऊन परत आला. रेघ गप्प. पट्टा घालून पुन्हा आला, तरी गप्पच.

"मघाशी कसे आलात?"

"लिफ्टनं. उडत यायला हवं होतं का?"

ताई भिंतीकडे बघत राहिली. भिंतीपलीकडूनच ती लोखंडी लिफ्ट जायची. तिनं नवऱ्याला खाली पिटाळलं. लिफ्टनं वर येताना तो दारापर्यंत पोचायच्या आतच रेघ उडाली. मग जिन्यानं आणलं. रेघ शांत, नवरा मात्र धापा टाकत होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगापुरती लिफ्ट बंद ठेवली. संचालकसाहेब पोट सांभाळत, कुरकुरत जिना चढले. शुद्ध पाण्यावर रेघ आडवी पडून राहिली. जंतू मिसळलेल्या पाण्यावर सावकाश चढत गेली.

मग ती त्या तरुण संशोधकापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "उगाच बोलले रे तुला."

तो काही मनात ठेवणारा नव्हता, पण भाव खायची संधी कोण सोडतं? "काय म्हणालात, ताई? नीट ऐकू नाही आलं."

ताईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पार संचालकांच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात.