काँक्रीटचे बाण
विमानाच्या पेट्रोलचा वास आला की नेवाडाच्या वाळवंटावरची ती दुपार आठवते. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला मी नोकरीला होतो, तेव्हा शेजारी राहणारे एक काका हौसेने छोटे विमान चालवत. जुना हवाई टपालाचा मार्ग दाखवायला त्यांनी मला नेले होते; मागच्या सीटवर त्यांची शाळकरी मुलगी होती. टपालाच्या वैमानिकांना दिशा कळावी म्हणून बांधलेले काँक्रीटचे प्रचंड बाण खाली दिसत होते. पुढच्या डोंगरांवर ढग उतरू लागले, तसे काका विमान आणखी खाली नेऊ लागले. "काका, परत फिरायचं का?" मी भीत भीत विचारले. "अरे, ते लोक रेडिओशिवाय असेच ढगांखालून जायचे!" काका हसले. पण पुढचा बाण दिसलाच नाही. समोर नुसती राखाडी भिंत. तेवढ्यात मागून मुलीने विचारले, "डिड दे ऑल मेक इट, बाबा? सगळे पोचले?" काकांचे हसू मावळले. त्यांनी विमान एका पंखावर कलवले आणि मागे वळवले. भारतातल्या आमच्या घरातून विमानात बसलेला पहिला माणूस मी. आता कामासाठी सारखा उडतो. हातात गरम कॉफी असते, ढग खिडकीखाली कुठेतरी लांब राहतात, आणि टपालाच्या त्या वैमानिकांपैकी जे पोचले नाहीत त्यांना मी मनातल्या मनात हात जोडतो.