साडूंचं मनगट

पिंपरीपासून चाकणपर्यंत आमच्या थोरल्या साडूंच्या मनगटाइतकी उंची घड्याळं दुसऱ्या कुठल्याच मनगटावर चढलेली नाहीत, आणि त्यांतलं एकही त्यांचं नाही. चाकणच्या कारखान्यात ते लेथवर काम करतात. फिरत्या यंत्राजवळ घड्याळ-अंगठी घालायला बंदी, म्हणून सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ त्यांनी माझ्या लग्नात मला देऊन टाकलं. मी ते हरवलं. त्याबद्दल मला अजून माफी मिळालेली नाही.

राग हा त्यांच्या छंदाचा निम्मा भाग. बांगडीसारखं सैल घड्याळ दिसलं की संताप. घड्याळ असून मोबाइलमध्ये वेळ बघणारा दिसला की महासंताप. कासारवाडीच्या एका लग्नात, महिन्याच्या एक तारखेला, त्यांनी अंतरपाटाआडून नवरदेवाचा हातच धरला. "जावईबापू, गेला महिना तीसचा व्हता. तुमच्या घड्याळात आज एकतीस हाय! असल्या दिवसाला लगीन लावायचं तरी कसं?" भटजी मंगलाष्टक तोंडात धरून उभे. आधी तारीख सरकली, मग अंतरपाट.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी साडू दाढी करून, नखं कापून चिंचवडच्या एका बड्या घड्याळांच्या दुकानात जातात. मीही जातो, तिथला एसी चांगला आहे. काउंटरवरची मुलगी "या काका" म्हणून मखमली ट्रे पुढे करते. साडू एकेक घड्याळ चढवतात, कानाला लावतात, कुणाचा पट्टा, कुणाचा काटा यावर फणकारतात, आणि शेवटी निळ्या तबकडीच्या एका घड्याळापाशी येऊन मऊ होतात. त्याला रोज हातानं किल्ली द्यावी लागते आणि मागच्या काचेतून आतली चाकं फिरताना दिसतात. साडू किल्ली देतात, वेळ लावतात, परत ठेवतात. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा बंद. "आठवडाभर कुणी हात लावला न्हाई ह्याला! अहो, देव्हाऱ्यातल्या देवाला सुदीक रोज पाणी घालत्यात!"

मग दुकानात नवा मॅनेजर आला. "सर, घेणार असाल तरच काढू."

मी खवळलो. "अहो, तुमच्या अख्ख्या दुकानात या घड्याळाची नाडी बघणारा हा एकच माणूस आहे!"

साडू मात्र, जन्मात पहिल्यांदाच, चिडले नाहीत. काचेवर बोट टेकवून म्हणाले, "न्हाई काढत तर ऱ्हाऊ द्या. पर सायेब, किल्ली तेवढी देत जा. आत तेल थिजतंय त्याचं."

मॅनेजरनं मान हलवली आणि मोबाइलमध्ये वेळ बघितली.

सोमवारी काउंटरवरच्या त्या मुलीचा साडूंना फोन आला. मी शेजारीच होतो.

"काका, आपलं निळं गेलं हो आज. माणच्या एका साहेबांनी घेतलं."

"हातात घालून गेले का डबीत?"

"डबीत."

आता स्फोट होणार म्हणून मी सरसावून बसलो. फोन ठेवून साडू माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "राव, रोज सकाळी किल्ली द्यायची असती, हे त्यांना कुणी सांगितलं आसंल का?"

काल गुरुवार होता. साडू दाढी करून, नखं कापून घरीच बसले होते. बोलता बोलता त्यांची दोन बोटं रिकाम्या मनगटाशी गेली आणि हळूहळू फिरू लागली. किल्ली पुरती बसल्यावरच थांबली.

मी मोबाइल खिशातच राहू दिला आणि विचारलं, "साडू, किती वाजले?"