आमचे हे कोणत्या गटात होते

“यांचं पेल्विस मोडलंय, आणि आत रक्त वाहतंय,” मंचरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. पेल्विस म्हणजे कंबरेच्या हाडांची कडी. ती मोडली की आतल्या रक्तवाहिन्या फाटतात. बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही आणि माणूस आतल्या आत रिकामा होत जातो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की यांच्या अंगावर फारशी जखम नाही, मग डॉक्टर इतकी घाई का करतायत.

आमचं गाव खोडद. माझे पती दत्तात्रय शेती करतात, मी अंगणवाडी सेविका. त्या दिवशी हे मोटरसायकलवर मंचरला कांद्याचा भाव बघायला गेले होते. हायवेवर वळताना टेम्पोची धडक बसली. मला अंगणवाडीत फोन आला. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मला गाडीत घालून मंचरला घेऊन आले.

डॉक्टरांनी एक चादर दुमडून यांच्या कंबरेखाली सरकवली, मांड्यांच्या वरच्या भागाभोवती करकचून आवळली आणि गाठ मारली. म्हणाले, “मोडलेली हाडं जवळ राहिली तर रक्त कमी वाहील. पुण्यापर्यंत ही गाठ कुणी सोडायची नाही. पेशंट म्हणाला तरी नाही.”

हे म्हणालेच. रुग्णवाहिका मंचर सोडून पुढे गेली तसे कण्हायला लागले. “सुवर्णा, सोड की गं ती. मरतो मी.” अंगात ताकद नसताना हात गाठीकडे जात होता. मी तो हात धरून ठेवला. दादा समोर बसले होते. त्यांना ते बघवेना. “जरा सैल कर, त्याला लई तरास व्हतोय,” म्हणाले. मी नाही म्हटलं. मोठ्या दिरांना तोंडावर नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. हे मला शिव्या द्यायला लागले. मला बरं वाटत होतं, कारण शिव्या देणारा माणूस जिवंत असतो. मग शिव्या थांबल्या, आणि उरलेली वाट मी त्यांचं नाक बघत बसले, श्वास चालू आहे का म्हणून.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर एक लक्षात ठेवा, त्या दारापाशी सगळ्यांना धक्का बसतो. इतका वेळ माणूस तुमच्या हाताखाली असतो आणि एकदम नसतो. मी येरझाऱ्या घालत होते. 

थोड्याच वेळात एक डॉक्टर बाई बाहेर आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. “हेमोरेजिक शॉक आहे,” म्हणाल्या. म्हणजे रक्त इतकं गेलंय की शरीराला पुरत नाही. रक्त चढवायला सुरुवात झाली होती, ऑपरेशनची तयारी चालू होती. मग त्या म्हणाल्या, “आणखी एक विचारायचं आहे. वेळ थोडा आहे, पण नीट ऐका.”

जबर जखमी पेशंटवर त्यांच्याकडे एक संशोधन चालू होतं. रक्त गोठायला मदत करणारं एक औषध होतं. निम्म्या पेशंटना ते द्यायचं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बाटलीतून नुसतं सलाईन. कुणाला कोणती बाटली, हे कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनाही कळणार नाही.

दादा उसळले. “माझ्या भावाला पानी देनार व्हय तुमी?”

“रक्त, ऑपरेशन, नेहमीची औषधं सगळं त्यांना मिळणारच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “ही बाटली त्याच्या वरची. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारांत काही कमी होणार नाही.”

मी म्हटलं, “मग सगळ्यांनाच औषध द्या ना.”

“त्याने फायदा होतो की अपाय, हे अजून कुणाला ठाऊक नाही. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढत असेल, असंही होऊ शकतं. ठाऊक असतं तर मी तुम्हाला विचारत बसले नसते.”

“नको,” दादा म्हणाले. “आमाला न्हाई पायजे.”

मला डॉक्टरांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. सकाळपासून भेटलेला प्रत्येक जण मला होईल सगळं ठीक म्हणत होता. आपल्याला ठाऊक नाही, असं सांगणारं हे पहिलंच माणूस. मी विचारलं, “तुमच्या घरातलं कुणी आत असतं तर?” त्या म्हणाल्या, “मी हो म्हटलं असतं. पण तुम्ही माझ्यामुळे हो म्हणू नका.” मी सही केली. दादा माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

ऑपरेशन झालं. यांच्या पोटावरून एक्स्टर्नल फिक्सेटर बसवला, म्हणजे हाडं जागेवर धरायला बाहेरून लावलेल्या धातूच्या सळ्या. हे व्हेंटिलेटरवर होते. गावाकडून पोरं गाडी भरून रक्त द्यायला आली. पिंपरी पेंढारवरून माझा भाऊ आला. तोंडओळखसुद्धा नसलेली दोन माणसं रक्त देऊन, चहाही न घेता निघून गेली. त्यांची नावं मला अजून कळलेली नाहीत.

हे शुद्धीवर आले, नळी निघाली, पाणी मागितलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच आठवड्यात यांचा डावा पाय सुजला. पोटरी कडक, गरम. डॉपलर नावाची तपासणी केली, त्यात रक्तवाहिनीतून रक्त कसं वाहतं ते दिसतं. पायात गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जाऊ शकतो.

दादा वॉर्डाबाहेर मला एवढंच म्हणाले, “सांगत व्हतो मी.”

माझ्या सहीने ही गुठळी आणली का? मी डॉक्टर बाईंना शोधत सगळे मजले पालथे घातले. सापडल्या तेव्हा विचारलं, “कोणती बाटली होती?”

“मला माहीत नाही. कंबर मोडलेल्या, पडून असलेल्या माणसाला औषधाशिवायही गुठळी होते. औषधाने झाली असेल का? असेलही. गरज पडली तर बाटली कोणती होती ते उघडून बघता येतं. पण बाटली कोणतीही असली तरी गुठळीवरचा उपचार एकच आहे, आणि तो सुरू केलाय. तुम्हाला या संशोधनाच्या अभ्यासातून बाहेर पडायचं असेल तर आत्ता पडा. कुणी रागावणार नाही.”

मी रात्रभर विचार करते म्हटलं, पण जिना उतरेपर्यंतच माझं ठरलं. अंगणवाडीत आम्ही दर महिन्याला पोरांची वजनं घेतो. ज्या पोराचं वजन उतरलंय त्याचीच आई कधीकधी पोराला घरी ठेवते, बोलणी बसतील म्हणून. मग कागदावर सगळं गाव गुटगुटीत दिसतं. ज्यांना त्रास झाला ते सगळे माझ्यासारखे निघून गेले, तर या डॉक्टरांना औषध निर्दोषच दिसणार. आणि पुढच्या कुणाच्या तरी माणसाला ते बेधडक देतील. मी दादांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुला पटतंय तर राहू दे. पन मला त्या बाटलीचं नाव काढू नको.”

गुठळी विरघळत गेली. रोज पोटात टोचायची इंजेक्शनं, मग गोळ्या. सळ्या निघाल्या. हे वॉकर धरून उभे राहिले तेव्हा घामाने निथळत होते. घरी आलो. काठी आली, काठीही सुटली. चाल जराशी लंगडी राहिली.

अभ्यासातून ठरावीक काळाने फोन यायचा. अश्विनी नावाची मुलगी बोलायची, संशोधनाच्या कामाला नेमलेली. जिना चढता येतो का, झोप लागते का, दुखतं का, शेतात काम होतं का. मी फोनचा स्पीकर चालू करून यांच्यासमोर ठेवायचे. हे प्रत्येक प्रश्नाला “बरं हाय” म्हणायचे. अश्विनी तेवढंच लिहून घ्यायची.

शेवटचा फोन आला तेव्हा आम्ही ओट्यावर लसूण सोलत होतो. शेताच्या पलीकडे आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या ताटल्या एका बाजूला वळल्या होत्या. अश्विनीने विचारलं, “अपघाताआधी जी कामं करत होता, त्यातलं काही आता टाळता का?”

“न्हाई,” हे म्हणाले.

ती म्हणाली, “बरं.” पण पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. काहीतरी लिहीत असावी. फोन गप्प होता. यांनी हातातला लसूण खाली ठेवला.

“मंचरला जात न्हाई मी,” हे म्हणाले. “निघतो घरून. हायवे दिसला की हात गार पडत्यात. मागं फिरतो. कांदा दुसऱ्याच्या गाडीत घालून देतो. हिला म्हनतो, जाऊन आलो.”

मी लसणाच्या सालांकडे बघत राहिले. वर्षभर मी यांच्या पायाला मालीश करत होते, गोळ्या मोजत होते, उठताबसता कंबर दुखते का विचारत होते. मंचरहून आले की चहा करून देत होते.

अश्विनीने घाई केली नाही. म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. असं बऱ्याच जणांना होतं. यावरही उपचार असतात.” तिने हॉस्पिटलातल्या मानसोपचार विभागाचा वार सांगितला. हे नेहमीसारखं “बघू” म्हणाले. पण त्या वारी सकाळी स्वतःहून आंघोळ करून, शर्ट घालून बसले होते. एसटी मंचरजवळ आली तेव्हा यांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. मी नुसता हात ठेवला त्यांच्या हातावर. खरंच गार होता.

आता मंचरला दादा सोबत जातात. परवा पहिल्यांदा गाडी यांनी चालवली, दादा शेजारी बसले.

औषध मिळालं की सलाईन, ते अजून कळलेलं नाही. सगळ्या पेशंटचा हिशेब लागला की कळवू, असं डॉक्टर बाईंनी सांगितलंय. सुरुवातीला त्या उत्तरासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. आता कळलं तरी चालेल, नाही कळलं तरी चालेल. त्या डॉक्टर बाईंचे, मंचरच्या डॉक्टरांचे आणि ज्यांचं रक्त यांच्या अंगात गेलं त्यांचे आभार कसे मानायचे हेही मला नीट उमगलेलं नाही. अभ्यासाचे फोन संपलेत. संध्याकाळी ओट्यावर बसलो की आता मीच यांना विचारते, आज कसं वाटलं. हे आधी “बरं हाय” म्हणतात. मी उठत नाही. यांना आणखी काही सांगायचं असलं, तर ते सांगेपर्यंत तिथेच बसून राहते.