चढवलेली पट्टी

छावणीतल्या वाद्यांच्या दुकानात जुन्या पेटीचा भाता उघडला, की कापराचा आणि कोंदट लाकडाचा वास येतो आणि मला कॉलेजचं गॅदरिंग आठवतं. पिशोरहून येताना एसटीत गुणगुणत मी एका कवितेला चाल लावली होती. ज्याच्यावर जीव जडला होता, त्याला सगळ्यात आधी ऐकवली. त्यानं स्टेजवर माईक धरून सांगितलं, "चाल माझीच आहे." मी शेजारीच पेटीवर बसले होते. अंगाची नुसती लाही लाही झाली. त्याची गायची पट्टी काळी एक. मी गुपचूप बरीच वरची, पांढरी चार धरली. मुखडा खालच्या सुरांत होता, म्हणून त्याला कळलं नाही. अंतऱ्यात मात्र त्याचा गळा चिरकला, मागून शिट्ट्या आल्या, आणि मी शांतपणे भाता हलवत राहिले. "पट्टी चढवलीस व्हय?" पडद्यामागं त्यानं रडकुंडीला येऊन विचारलं. मी म्हणाले, "तुझीच चाल ना? मग झेपायला पाहिजे." आता मी पोरींना पेटी शिकवते. गाणाऱ्याच्या गळ्याला सोसेल तीच पट्टी धरायची, असं बजावून सांगते. पण पांढरी चारवर बोट पडलं, की अजून जिवाला लई गार वाटतं.