सुकरीबाई आंबा खाईना

मुलचेऱ्याच्या पुढे जंगलात शिरलं की एक लहानसं गाव लागतं. तिथली सुकरीबाई म्हणजे तोंडाची मोठी खमकी. मोहफुलं तोलताना काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं एकदा असं फैलावर घेतलं, की गडी चप्पल तिथंच टाकून पळाला. नवरा लच्छू हा गावचा भूमिया, म्हणजे गावाच्या देवाची पूजा करणारा. माणूस गरीब गाय. घरात बोलायचं काम बाईकडे आणि ऐकायचं लच्छूकडे, ही वाटणी लग्नापासूनची.

या गावात नवा आंबा कुणी असाच तोंडात टाकत नाही. आधी पंडुम व्हायला हवा. देवाच्या झाडाखाली घराघरातून आंबे येतात, भूमिया पूजा करतो आणि पहिली फोड भूमियाच्या घरवालीनं खायची असते. मग गाव खातं. दुसऱ्या गावची रीत वेगळी असेल, या गावची ही.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात पंडुम झालाच नाही. लच्छूनं एकट्यानं जाऊन देवाला हात जोडले, गावानं मन मारलं. दुसरा उन्हाळा तर त्याहून वाईट. तापानं घरंच्या घरं आडवी झाली. कांताचा नवरा कोलू जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. त्याची मातीही तिकडेच झाली.

इकडे आंबा पिकून झाडाखाली सडायला लागला. शेवटी गोटुलासमोर, गावाच्या बैठकीच्या घरापुढे, गाव जमलं, लांब लांब बसलं. म्हातारे म्हणाले, देव किती वाट पाहील, आता पंडुम करूच. तरणा प्रफुल्ल म्हणाला, गावात तापाचं एक जरी माणूस असेल तरी नाही. बरीच तणतण झाली, पण प्रफुल्लचं बोलणं पटलं. आशाताई रीना घरोघर फिरत राहिली. एके दिवशी तिनं सांगितलं, आता कुणाच्याच घरी ताप नाही. गाव पुन्हा बसलं आणि दिवस ठरला.

तेवढ्यात नथ्थू उठला. "कांताच्या घरचा आंबा नोको. बिमारी त्याच घरातून आली."

कांता कधीचीच बरी झाली, असं रीनानं परोपरीनं सांगितलं. पण ऐकतो कोण! कांता तापानं पडली तेव्हा तिच्याकडे कुणी जाऊ-येऊ नये म्हणून याच नथ्थूनं तिच्या वाटेवर बोरीचे काटे टाकले होते. लोकांनी माना खाली घातल्या. आपला माणूस आता बोलेल, मग बोलेल, म्हणून सुकरीबाई लच्छूकडे पाहत राहिली. तो उठून घराकडे चालायला लागला.

घरी आल्यावर तिनं त्याला धरलं. "काऊन नाई बोलला?"

"गाव भेते."

"आन् तू?"

"मीबी भेतो."

सुकरीबाईला रात्रभर राग आवरला नाही, कारण भीती तिलाही वाटत होती.

पंडुमच्या दिवशी तोंडाला गमछे बांधून गाव झाडाखाली आलं. लच्छूनं पूजा केली, आंबा कापला, फोड बायकोच्या हातावर ठेवली. ती फोड धरून नुसतीच उभी राहिली.

"खा ना वं," लच्छू हळूच म्हणाला.

"नाई खात. कांता कुठी हाये?"

सगळे एकमेकांची तोंडं पाहायला लागले. ऊन चढलं, पोरं रडकुंडीला आली. नथ्थू भडकला. "एका घरासाठी गावाले ताटकळत ठेवतं का, बाई?"

"तिच्या दारात आंब्याचं झाड हाये ना? देवानं त्याले फळ देणं बंद केलं का? मंग तू कोण रे, तिचा आंबा नोको म्हणणारा? जाय, बोलाव तिले. काटे तूच टाकले, तूच उचल."

नथ्थू पुटपुटत गेला आणि एकटाच परत आला. "काटे उचलले. ती येत नाई. म्हणते, माह्या माणसाच्या मातीनंतर ज्या गावानं दारात येऊन विचारलं नाई, त्या गावाचा आंबा मले नोको."

आता झाली पंचाईत. बोलावलं होतं, ती आली नाही, म्हणजे आता बाई खाईल असं सगळ्यांना वाटलं. पण सुकरीबाई हातात फोड घेऊन कांताच्या घराकडे चालायला लागली. लच्छूनं देवाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि आंब्याची टोपली डोक्यावर घेतली. मग प्रफुल्ल निघाला, बाया निघाल्या. सगळ्यात मागे नथ्थू.

कांता दारात आली. अंगणभर गाव उभं होतं. सुकरीबाई पुढे झाली, पण उंबऱ्यापासून चार हात अलीकडेच थांबली, आणि कांताच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बाई, तुले माह्यं भेव वाटते ना?"

"वाटते," सुकरीबाई म्हणाली. "म्हणून तं एकटी नाई आली."

कांता उंबऱ्यावरच बसली आणि तिचा बांध फुटला. कोलू गेल्यापासून ती गावासमोर पहिल्यांदा रडत होती. तिचं रडणं संपेपर्यंत कुणी आंब्याला हात लावला नाही.