एकोणपन्नासच्या पुढची बाई

बायको गेल्यापासून लोक मला सांगतात, आता शांत राहा. मी राहणार नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत, पण झालं ते लिहिण्यापुरतं मला लिहिता येतं.

आमचं घर पुण्याजवळ जांबे गावात. जमीन थोडी राहिली, उरल्या जागेत दहा खोल्या बांधल्या. कंपनीत जाणारी मंडळी भाड्यानं राहतात, कुणी लातूरकडचे, कुणी जळगावचे. खोल्यांवर कधी काय कर बसेल याची आम्हा खोलीवाल्यांना कायम धास्ती. कुणी कागद घेऊन फाटकात आलं की आम्ही आधी खोल्या निम्म्या सांगतो, मग चहा विचारतो.

तीन वर्षांमागे अशीच एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे आहे म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, आरोग्याचं नाव काढून ही खोल्या मोजायला आली. म्हणून मी ओट्यावर ठाण मांडून बसलो.

"बाबा, जरा बाहेर थांबता का? हे प्रश्न बायकांना एकट्यानं विचारायचे असतात."

"घर माजं हाय. हितं काय चोरून बोलायचं? इचार, मी बी ऐकतो."

ती बिचारी काय करणार. सुनेला हळू आवाजात विचारत राहिली. मुलं किती, पाळी वेळेवर येते का, अंगावरून काही जातं का. सून माझ्याकडं पाठ करून नुसती मान हलवत होती. सासऱ्यापुढं कोणती सून यापेक्षा जास्त बोलेल?

माझी बायको पायरीवर पावटे सोलत होती. सुनेचं झालं तसं तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि सरकून मुलीपुढं बसली.

"आता माजं इचार."

"आजी, वय काय तुमचं?"

"साठ आसंल. वर बी आसंल."

"मग तुमचं नाही बसत. पंधरा ते एकोणपन्नासच घ्यायचंय."

"बसत न्हाई म्हंजी? मी काय बाई न्हाई व्हय?"

मुलगी ओशाळून हसली. आणि मी, एवढा मोठा शहाणा, ओट्यावरून ओरडलो, "आगं, तुला काय इचारायचं? तुजं दुकान कवाच बंद झालं!"

भाडेकरणी दारात उभ्या होत्या, त्या तोंड दाबून हसल्या. मीही हसलो, आपण लई विनोदी बोललो म्हणून. हिनं सूप उचललं आणि आत गेली. न सोललेल्या शेंगा पायरीवर तशाच राहिल्या. त्या मी गोळा केल्या, तेव्हाही मला काही कळलं नाही.

कळायला जागा नव्हती असं नाही. खोल्यांच्या मागं कपडे वाळत घालायची दोरी आहे. तिथं हिच्या लुगड्याखाली जुन्या कापडाचे फाडलेले धडपे वाळायचे. आमच्याकडं बायकांचे ते कपडे उघड्यावर घालत नाहीत, वरून काहीतरी पांघरून ठेवतात. मी रोज त्या दोरीखालून वाकून गोठ्यात जायचो. भाडेकरणी दुकानातली पॅड वापरतात, सूनही तेच. मग धडपे कुणाचे? हिची पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती. एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. बायकांच्या दोरीकडं पुरुषानं बघायचं नसतं, एवढं मात्र मला चांगलं पाठ होतं.

सहा-सात महिन्यांनी ती चुलीपुढून उठेना. मोठ्या दवाखान्यात नेली. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पुढं गेलेला. तिथला तरुण डॉक्टर चिडला, "आजी, इतके दिवस अंगावर काढलंत? आधी का नाही सांगितलं कुणाला?"

ही माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगत व्हते. ह्ये हसले."

त्यानंतर ती अकरा महिने जगली. त्या अकरा महिन्यांत हे वाक्य तिनं परत कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

माझा दोष मी कुणावर ढकलत नाही. पण सगळा माझ्या एकट्याच्या गळ्यात घालून बाकीच्यांनी हात झटकायचे, हेही मी चालू देणार नाही.

तिसरं मूल झालं तेव्हा हिच्या मुलं बंद करायच्या ऑपरेशनसाठी अशीच सरकारी माणसं चार वेळा आली होती. एकदा तर भाताच्या खाचरात, बांधावर उभं राहून हाक मारली. हिचं नाव, बापाचं नाव, माहेर मुठ्याचं, सगळं त्यांना पाठ. नर्सबाईनं मला सुद्धा म्हटलं होतं, "पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, तुम्हीच करून घ्या ना." मी म्हटलं, मला ओझी उचलायची असतात. मग हिनं करून घेतलं आणि आठव्या दिवशी दोन हंडे घेऊन विहिरीवरून आली. ओझी कोण उचलत होतं ते सगळ्या आळीनं बघितलं.

त्या दिवसापासून त्या माणसांना आमच्या घराची वाट सापडली नाही. तिला मूल होऊ नये एवढंच त्यांचं काम होतं. ते झालं, वहीत तिच्या नावापुढं खूण झाली, बाई संपली. मतदानाला मात्र वयाची अट खालून आहे, वरून नाही. शेवटच्या मतदानाला तिला बसवत नव्हतं, तरी गाडी दारात आली, दोघांनी तिला धरून नेलं, बोटाला शाई लावून आणून सोडलं. मत घ्यायला म्हातारी चालते, तिला काय दुखतंय ते विचारायला चालत नाही. हा कुठला कायदा? असेल तर मला दाखवा.

गेल्या महिन्यात पुन्हा एक बाई आली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची, शिकलेली, बोलायला नीट. म्हणाली, "बाबा, हा अभ्यास आहे. यावरून सरकारचं धोरण ठरतं."

"वय किती ते किती?"

"पंधरा ते एकोणपन्नास. म्हणजे मूल होण्याचं वय."

"म्हंजी मूल व्हायचं थांबलं की बाई मेली, आसं धोरण हाय व्हय तुमचं?"

तिनं हातातला टॅब माझ्यापुढं धरला. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पण मशीन पुढचं वयच घेत नाही."

"मशीनला जागा नसंल तर वहीत लिवा. वही देतो मी."

शेजारच्या घरात माझी वहिनी राहते, थोरल्या भावाची विधवा. सत्तरीची. दिवाळीपासून तिच्या दोरीवरही लुगड्याखाली धडपे दिसत होते. आता मी दोरीकडं बघतो. कुणी निर्लज्ज म्हणो. मी दीर, तिला कसं विचारू? म्हणून त्या बाईला तिच्या दारात नेऊन उभं केलं.

"वैनी, या बाई काय इचारत्यात ते सांगा."

"मला काय बी झालं न्हाई, भावजी. म्हातारीला काय व्हतंय? तुमीच तर म्हनाला व्हता, दुकान बंद म्हनून."

म्हणजे ते आळीत सगळ्यांच्या ध्यानात होतं. मी पायताण घातलं आणि फाटकाच्या बाहेर गेलो. आवाजही कानावर पडू नये म्हणून थेट नाक्यापर्यंत चालत गेलो आणि कंपनीच्या बसगाड्या बघत उभा राहिलो. तासाभरानं परत आलो तर ती बाई पिशवी आवरत होती.

"काय म्हनली?"

"ते मला तुम्हाला सांगता येणार नाही, बाबा."

मला राग आला. वही माझी, वहिनी माझी. पण राग गिळला. त्या दिवशी ओट्यावरून हलायला हवं होतं ते मी हललो नव्हतो. आता हललो, तर दाराबाहेरच राहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी फाटकात उभी. अंगावर लग्नाकार्याचं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत आधारकार्ड आणि त्या बाईनं लिहून दिलेला कागद.

"भावजी, तुमची सून म्हनली ती येती संगं. गाडी काडा."

"कुटं जायाचं?"

"दवाखान्यात. आनि तुमी भाईर बसायचं. आत यायचं न्हाई."

"न्हाई येत," मी म्हटलं आणि गाडी काढली.